ओठांवरची लव आणि लेझरचा किरण

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात सहलींची वर्णने असतात, पावसावरच्या कविता असतात, थोरांची चरित्रे असतात. ती असावीतच. परंतु मुलींच्या खोलीत मधल्या सुट्टीत ज्या विषयावर सर्वांत अधिक बोलणे होते, आणि कोणी मॅडम आत आल्या की जो विषय चटकन बदलला जातो, त्या विषयावर अंकात एक ओळही आलेली माझ्या पाहण्यात नाही. तो विषय म्हणजे चेहऱ्यावरचे आणि अंगावरचे नको असलेले केस. वसई रोडच्या पुलावरून उतरताना, नालासोपाऱ्याच्या रिक्षा-स्टँडमागे, विरारच्या बाजारात, जिकडे पाहावे तिकडे लेझरने केस कायमचे घालवण्याची हमी देणारे फलक लागलेले दिसतात. फलकावरची मुलगी हसत असते. फलकाखालून जाणारी मुलगी मात्र नकळत ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेते.

हे लेझर करावे की करू नये, हा प्रश्न गेले वर्षभर माझ्यापुढे होता. तो सोडवताना मी जे वाचले, विचारले आणि ताडून पाहिले, ते येथे क्रमाने मांडत आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी; भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला. तेव्हा शास्त्राचा भाग सोप्या भाषेत आणि मला नीट समजला तेवढाच सांगेन. विद्यार्थी मित्रांनी हा लेख आपला नव्हे म्हणून पान उलटू नये. त्यांच्यासाठीही यात चार शब्द आहेत.

केसाची थोडी ओळख

माणसाच्या अंगावर सुमारे पन्नास लाख रोमकूप, म्हणजे केसांची मुळे जिथे रुजलेली असतात ते सूक्ष्म खळगे, असतात. त्यांतले सुमारे एक लाख डोक्यावर. स्त्री आणि पुरुष यांच्या रोमकूपांच्या संख्येत फारसा फरक नसतो, हे वाचून मला नवल वाटले. फरक असतो तो केसाच्या जातीत. एक असते बारीक, मऊ, फिकी लव. दुसरा असतो जाड, काळा, पक्का केस. वयात येताना शरीरातील अँड्रोजन नावाच्या संप्रेरकांमुळे काही जागची लव पक्क्या केसात बदलते. मुलांना मिसरूड फुटते ते यामुळेच. ही संप्रेरके स्त्रीच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात. कोणाच्या मुळांना ती जास्त जाणवतात, कोणाच्या कमी, आणि हे पुष्कळदा घराण्यातूनच येते. तेव्हा ओठांवर किंवा हनुवटीवर चार काळे केस असणे हा काही निसर्गनियमाचा भंग नव्हे.

दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक केसाला तीन अवस्था असतात. आधी वाढीची, मग थोडा काळ उतरतीची, शेवटी विश्रांतीची. नंतर तो केस गळतो आणि त्याच मुळातून नवा केस येतो. शेजारशेजारचे केस एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. आपल्या वसईच्या केळीच्या वाडीत एक केळ घडाने वाकलेली असते, दुसरीला नुकते केळफूल आलेले असते आणि तिसरी अजून कोंबच असते, तसेच हे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. लेझरच्या बैठका एकदोनात का संपत नाहीत, याचे उत्तर तिच्यात आहे.

जुने उपाय आणि जुने अपाय

केस काढण्याची हौस आजची नव्हे. सुश्रुतसंहितेत व्रणावर करावयाचे जे साठ उपक्रम सांगितले आहेत, त्यांत ‘लोमापहरण’ म्हणजे केस काढणे हाही एक आहे. आणि गंमत अशी की त्याच यादीत केस उगवण्याचा ‘रोमसंजनन’ हा उपक्रमही आहे. आपल्या घरांत तान्ह्या बाळाला, विशेषतः मुलीला, डाळीचे पीठ, हळद आणि साय लावून चोळतात; ‘लव जाते’ असे आजी सांगते. म्हणजे स्वतःचे नाव कळण्याच्या आधीच मुलीची या कामी सुरुवात झालेली असते. त्यानंतर धागा, मेण, केस विरघळवणारे मलम आणि वस्तरा हे उपाय क्रमाने आयुष्यात येतात. हे सर्व तात्पुरते. मलम व वस्तरा केस कातडीलगत तोडतात. धागा व मेण तो मुळासकट उपटतात, पण रोमकूप जागेवरच राहतो आणि काही आठवड्यांनी नवा केस देतो.

वस्तरा लावला की केस अधिक दाट आणि राठ येतात, अशी समजूत सर्वत्र आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन विदुषीने १९२८ सालीच मोजमाप करून दाखवले, की तसे होत नाही. कापलेल्या केसाचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून तो बोटांना खरखरीत लागतो, इतकेच.

कायमचा उपाय शोधण्याचे प्रयत्नही जुने आहेत. १८७५ साली अमेरिकेतील चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने पापणीचे उलटे वळून डोळ्यात टोचणारे केस विजेच्या सुईने घालवले. एकेका रोमकूपात सुई घालून प्रवाह सोडायचा, ही पद्धत आजही आहे. ती केसाच्या रंगावर अवलंबून नाही, पण फार वेळखाऊ आहे. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, आणि काही वर्षांतच केस घालवण्यासाठी त्यांचा वापर सुरू झाला. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘ट्रायको’ नावाच्या क्ष-किरण यंत्राची सौंदर्यगृहे निघाली. दुखत नाही, अपाय नाही, अशी जाहिरात होती. बायका गेल्या. केस गेलेही. पण पुढे वर्षांनी त्याच जागी कातडी सुकली, व्रण झाले आणि कित्येकींना कर्करोग झाला.

ही हकिगत मी लेझरविषयी भीती घालण्यासाठी सांगत नाही. लेझरचा प्रकाश हा क्ष-किरणांच्या जातीचा नव्हे. सांगण्याचा हेतू एवढाच, की ‘दुखत नाही, अपाय नाही’ हे वाक्य विकणाऱ्याने म्हटलेले असेल तर ऐकणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत.

लेझर म्हणजे काय करतात?

लेझरच्या मुळाशी असलेली कल्पना आइन्स्टाइनने १९१७ साली मांडली. प्रत्यक्ष लेझर प्रथम चालवला तो थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९६० साली, माणकाच्या कांडीचा उपयोग करून. साध्या दिव्याच्या प्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात आणि तो चहूकडे पसरतो. लेझरचा प्रकाश एकाच रंगाचा, म्हणजे एकाच तरंगलांबीचा असतो आणि एका दिशेने जातो. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोघा त्वचातज्ज्ञांनी एक तत्त्व मांडले. योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य तेवढाच वेळ सोडला, तर कातडीतील हवा तो भाग तापवता येतो आणि बाजूचा भाग वाचवता येतो. केस घालवण्याच्या लेझरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिली परवानगी दिली ती १९९५ साली.

हे तत्त्व स्वयंपाकघरात समजते. उन्हात काळी छत्री पांढऱ्या छत्रीपेक्षा जास्त तापते, कारण काळा रंग प्रकाश शोषतो. केसात मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य असते. लेझरचा प्रकाश ते शोषून घेते, तापते आणि ती उष्णता केसाच्या मुळाला इजा करते. आता कातडीतही मेलॅनिनचे कण असतातच. मग कातडी का भाजत नाही? विस्तवावरून काढलेला पापड क्षणात निवतो, पण तवा बराच वेळ तापलेला राहतो. कातडीतले कण पापडासारखे, केसाचे जाड मूळ तव्यासारखे. लेझरचा झोत अशा बेताच्या वेळाचा ठेवतात, की कण निवत राहतात आणि मूळ मात्र तापत जाते. शिवाय यंत्राच्या टोकाला कातडी थंड ठेवण्याची सोय असते.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. पहिली, पांढऱ्या किंवा अगदी फिक्या केसांवर लेझर चालत नाही. शोषायला काळा रंगच नाही. दुसरी, ज्या केसाची वाढ चालू आहे त्याच्याच मुळावर परिणाम होतो. विश्रांती घेणारे केस त्या दिवशी सुटतात. म्हणून चार ते सहा किंवा अधिक आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका घ्याव्या लागतात. तिसरी गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. गोऱ्या कातडीत काळा केस शोधणे प्रकाशाला सोपे जाते. आपली कातडी सावळी. वाटेतच पुष्कळ प्रकाश शोषला जातो. चुकीचे यंत्र किंवा चुकीची मात्रा पडली तर केसाऐवजी कातडीच भाजते आणि काळे किंवा पांढुरके डाग पडतात.

यावर तोड म्हणजे लांब तरंगलांबीचा लेझर. ॲलेक्झांड्राइट नावाचा लेझर ७५५ नॅनोमीटरचा असतो, तो गोऱ्या कातडीस अधिक सोयीचा. डायोड लेझर बहुधा ८०० ते ८१० नॅनोमीटरचा. निओडिमियम-याग हा १०६४ नॅनोमीटरचा. तो खोल जातो आणि कातडीतल्या रंगद्रव्याकडून कमी शोषला जातो, म्हणून गडद वर्णासाठी तो सर्वांत सुरक्षित मानतात. मात्र बारीक केसांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. याखेरीज आयपीएल नावाचा एक प्रकार पुष्कळ ठिकाणी लेझर म्हणूनच खपवला जातो. हे आयपीएल क्रिकेटचे नव्हे! तो अनेक तरंगलांबींचा मिश्र, तीव्र प्रकाश असतो, लेझर नसतो. गडद कातडीवर तो वापरताना विशेष जपावे लागते.

उन्हाने कातडी रापलेली असेल तर लेझर पुढे ढकलावा लागतो. अर्नाळ्याच्या किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर वावरणाऱ्या, वाडीत फुले तोडणाऱ्या मुलीने ‘बैठकांच्या काळात ऊन टाळा’ ही सूचना कशी पाळायची, हे फलकावर लिहिलेले नसते. बैठकीपूर्वी काही आठवडे धागा आणि मेण बंद ठेवावे लागतात, कारण मूळच उपटले तर लेझर तापवणार काय? दाढीचे पाते मात्र चालते. किंबहुना बैठकीपूर्वी केस भादरूनच घेतात. ज्या पात्याला आपण जन्मभर भ्यालो, तेच लेझरवाल्याच्या दारात आधी हातात येते.

‘कायमचे’ या शब्दाचा अर्थ

फलकांवर ‘कायमचे’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेझर-उत्पादकांना दावा करू दिला आहे तो केस ‘कमी’ होण्याचा, ‘नाहीसे’ होण्याचा नव्हे. ‘कायमची घट’ याचा तेथील अर्थ असा, की बैठका संपल्यावर परत उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहते. उरलेले केस बारीक आणि फिके होतात. मधूनमधून पुन्हा एखादी बैठक लागू शकते. चेहऱ्यावर, आणि संप्रेरकांचा दोष असेल तर विशेषच, परत वाढ होण्याचा संभव अधिक असतो. काही थोड्या जणींच्या बाबतीत उलटाच प्रकार घडतो. लेझर केलेल्या जागेच्या आसपास पूर्वी नव्हते असे केस येतात. चेहरा, सावळा वर्ण आणि संप्रेरकांचा दोष असताना याचा संभव जास्त. म्हणजे नेमके आपल्यासारख्यांच्याच बाबतीत!

जन्मतःच चेहराभर दाट केस असण्याचा एक अतिशय दुर्मिळ विकार आहे. सांगली जिल्ह्यातील असा विकार असलेल्या एका मुलाविषयी पंधराएक वर्षांपूर्वी देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत आले होते. त्याच्यावर लेझरचाही प्रयत्न झाला, पण केस परत आले. हे टोकाचे उदाहरण आहे, आपली गोष्ट तशी नव्हे. पण यंत्राला मर्यादा असतात हे त्यावरून कळते.

दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. आमच्या चाळीत एक ताई आहेत. त्यांच्या हनुवटीवर पुरुषासारखे राठ केस येत. घर जागे होण्यापूर्वी, पहाटे, मोरीतला दिवा न लावता त्या दाढी करीत. हे त्यांनी स्वतः मला सांगितले. आधी औषधोपचार आणि मग लेझर, असे त्यांनी दीड वर्ष केले. सगळे केस गेले नाहीत. पण आता त्या विरार लोकलच्या डब्यात खिडकीशी, उजेडात बसतात. अशा बाईला ‘नैसर्गिक सौंदर्य जपा’ असा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, आणि कोणालाच नाही.

यंत्राआधी कारण

माझी स्वतःची गोष्ट आता थोडक्यात सांगते. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील रिक्षा चालवतात, आई वालीवच्या एका गाळ्यात पॅकिंगला जाते. माझ्या ओठांवर आणि हनुवटीवर केस आहेत, जवळून दिसतात. आत्याने एक दिवस सांगितले, “पुढच्या मे महिन्यापासून स्थळं बघायला लागू. त्याआधी हे उरकून घे.” त्या ‘हे उरकून घे’मुळे मी एका लेझर केंद्रात चौकशीला गेले. तेथे एका ताईंनी मला आरशासमोर बसवले, सहा बैठकांचे अठरा हजार रुपये सांगितले आणि आजच नाव नोंदवले तर बारा हजार म्हणाल्या. पाळी नियमित येते का, वजन वाढले का, केस अलीकडेच वाढले की पहिल्यापासून आहेत, यांपैकी एकही प्रश्न मला विचारला गेला नाही.

पुढच्या आठवड्यात मी मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात गेले. केसांसाठी केसपेपर काढला, असे मैत्रिणींनी माझे हसे केले. तेथे डॉक्टरबाईंनी जे विचारले ते नेमके हेच प्रश्न. कारण स्त्रीच्या चेहऱ्यावर, छातीवर, पोटावर राठ केस वाढणे हे पुष्कळदा आतल्या गोष्टीचे चिन्ह असते. त्यांतले सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पीसीओएस हा बीजकोशांशी आणि संप्रेरकांशी संबंधित विकार. पाळी अनियमित होणे, वजन वाढणे, मुरुमे, पुढे गर्भधारणेत अडचण आणि मधुमेहाचा वाढता धोका, असे त्याचे स्वरूप असते. काही औषधांनीही केस वाढतात. फार क्वचित, केस अचानक आणि वेगाने वाढत असतील, आवाज घोगरा होत असेल, तर ते एखाद्या गाठीचे लक्षण असू शकते. कारण आत तसेच ठेवून बाहेर लेझर मारीत राहणे म्हणजे छप्पर गळत असताना नुसती लादी पुसत राहणे.

केस किती आहेत हे मोजण्याची एक रीत फेरिमन आणि गॅलवे या दोघांनी १९६१ साली घालून दिली. शरीराच्या नऊ जागा पाहायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते चार गुण द्यायचे. साधारणपणे बेरीज आठ किंवा अधिक झाली, तर वाढ जास्त आहे असे धरतात. माझे गुण आठाच्या आत आले. कमी गुण मिळाल्याचा आनंद व्हावा अशी ही माझ्या आयुष्यातली पहिलीच परीक्षा! पाळी नियमित, बाकी काही दोष नाही. केस आजीकडून आईकडे व आईकडून माझ्याकडे आलेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आजार नाही. काढायचे असतील तर काढ, नसतील तर नको.”

इतके सोपे उत्तर मिळाल्यावर प्रश्न अधिकच अवघड झाला. आजार असता तर आजाराने निर्णय घेतला असता. आता तो मला घ्यायचा होता.

बारा हजार रुपये

आमच्या आईची गाळ्यातल्या बारा बायकांची भिशी आहे, महिना हजार रुपयांची. यंदा तिचा नंबर लागला की बारा हजार हातात येणार. त्या पैशावर आधीच दोन नावे आहेत : माझी तिसऱ्या वर्षाची फी आणि धाकट्या भावाचा दहावीचा क्लास. तरीही आई म्हणाली, “भिशी माझी आहे, तोंड तुझं आहे. तू सांग.”

मी हिशेब मांडला. ओठ आणि हनुवटी धाग्याने करून घेण्यास मला महिन्याला शंभर रुपये लागतात, वर्षाचे बाराशे. बारा हजारांत दहा वर्षांचा धागा होतो. यावर कोणी म्हणेल, की धाग्याच्या वेदना, नंतर येणाऱ्या पुटकुळ्या आणि दर पंधरवड्याची कटकट हिशेबात धरली का? ते म्हणणे खरे आहे. पण मग लेझरनंतरच्या जादा बैठका, त्यासाठी बुडणारे तास आणि डाग पडलाच तर त्याचा खर्च, हेही त्याच वहीत लिहावे लागेल. हिशेबाने दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या. तात्पर्य, हा प्रश्न नुसत्या पैशाचा नव्हता.

केस कोणाचे, निर्णय कोणाचा?

इतिहासाच्या तासाला आपण केशवपनाची चाल शिकलो. नवरा वारला की बाईचे डोके भादरायचे, आणि त्याबाबत तिला विचारायचे नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि आपण विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार त्या लोकांनी केला. मला या घटनेत विशेष वाटते ते हे, की ज्यांच्या हातात वस्तरा होता आणि ज्यांना त्याचे पैसे मिळत होते, त्यांनीच आधी विचार केला, की ज्या बाईचे केस आपण उतरवतो तिची इच्छा काय आहे.

केशवपन आणि लेझर एकच आहेत असे मी म्हणत नाही. ती सक्ती होती. लेझरकडे बाई आपल्या पायांनी जाते. पण ती कोणाच्या शब्दाने जाते, हे पाहावे लागते. २०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा शेकडो लोकांनी तिचे गुण न पाहता तिच्या ओठांवरचे केस पाहिले आणि तिची टवाळी केली. पुष्कळांनी तिची बाजूही घेतली. पण मला आठवते, त्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या चार-पाच मुली पार्लरमध्ये नेहमीपेक्षा आधी गेल्या. ती टवाळी हजार मैलांवरच्या मुलीची होती, आणि भीती येथे वाटली.

मुलांचीही सुटका नाही. ज्याला मिसरूड उशिरा फुटते त्याला चिडवतात; ज्याच्या छातीवर वा पाठीवर केस दाट त्याला अस्वल म्हणतात. दाढीला आकार देण्यासाठी मुलेही आता लेझर करून घेतात. मानेवरचे केस आत वळून ज्यांना वारंवार फोड येतात, अशांना त्याचा खरा उपयोगही होतो. पण मित्रांनो, जी दाढी विसाव्या वर्षी नकोशी वाटते ती तिसाव्या वर्षी हवीशी वाटू शकते, आणि घालवलेले मूळ मागून परत मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

जाण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

जे कोणी लेझर करण्याचे ठरवतील त्यांनी पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

१. आधी डॉक्टरांकडून कारण तपासून घेतले का? पाळी अनियमित असेल तर हे टाळूच नये.

२. लेझर कोणाच्या देखरेखीखाली होणार? डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर दाखवला पाहिजे, असा २००२ च्या वैद्यकीय नियमावलीचा दंडक आहे. तो क्रमांक विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

३. यंत्र कोणते, लेझर की आयपीएल? तरंगलांबी किती? आपल्या वर्णासाठी ते योग्य का?

४. आधी लहानशा जागेवर चाचणी घेऊन काही दिवस वाट पाहणार का?

५. डोळ्यांवर संरक्षक चष्मा देणार का? भुवयांखाली, डोळ्यांच्या अगदी जवळ लेझर मारू नये. गोंदण आणि तीळ यांनाही जपावे. त्यांतला काळा रंगही प्रकाश शोषतो.

६. मुरुमांवरच्या किंवा अन्य कोणत्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर ते आधी सांगितले का?

७. ‘आजच नोंदवा’ असे म्हणत असतील तर आज नोंदवू नये. जी गोष्ट सहा-आठ महिने चालणार, तिला एक आठवडा विचार करायला हरकत नसावी.

भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली या उपचारासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. परिणामांची खरी कल्पना द्यावी आणि मगच संमती घ्यावी, हे त्यांत आहे. म्हणजे वरचे प्रश्न विचारणे हा आपला हट्ट नव्हे.

माझा निर्णय

मी ठरवले आहे, की तूर्त लेझर करायचा नाही. ‘तूर्त’ हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे. लेझर वाईट आहे असे माझे मत झालेले नाही. नीट माहिती घेतल्यावर त्याची भीती उलट कमी झाली. पण मला जी तारीख दिली गेली होती ती माझी नव्हती, स्थळ पाहायला येणाऱ्यांची होती. त्यांच्यासाठी आईची भिशी मोडणे मला पटले नाही. पदवी घेऊन मी कमवू लागेन, आणि तेव्हाही हे केस मला नकोसे वाटले, तर माझ्या पगारातून, उन्हाळा टाळून, डॉक्टरच्या देखरेखीखाली मी लेझर करीन, आणि कोणाला त्याचे स्पष्टीकरण देणार नाही. नकोसे वाटले नाहीत तर करणार नाही. तेव्हाही देणार नाही.

आत्या अजून थोडी नाराज आहे. तिला मी एवढेच सांगितले, की जो मुलगा पहिल्या भेटीत माझी हनुवटी तपासेल, त्याला लग्नानंतर आणखी पुष्कळ गोष्टी तपासायच्या असतील. ती हसली नाही, पण मे महिन्याचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

माझ्या मैत्रिणींपैकी काहींचा निर्णय माझ्याहून वेगळा होईल. एकीने तर बैठका सुरूही केल्या आहेत. तिची पहिली चाचणी चांगली झाली, आणि तिचा आनंद पाहून मलाही बरे वाटते. आपण दोघींनी एकच ठरवले पाहिजे असे कोठे आहे? मात्र ठरवण्यापूर्वी दोघींजवळ सारखी माहिती असावी आणि ती फलकावरून मिळालेली नसावी. मुलींच्या खोलीत मॅडम आल्यावर हा विषय बदलण्याची गरज नाही असे मला वाटते. त्यांनाही यातले पुष्कळ ठाऊक असणार. एखाद्या शनिवारी आपल्या महाविद्यालयात त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, आणि त्याला मुलामुलींनी एकत्र बसावे, अशी माझी या लेखाच्या निमित्ताने विनंती आहे.